पोर गार आहे

"पोर गार आहे," मी म्हणाले. भाकऱ्या अर्धवट टाकून नातीच्या पोटाला हात लावायला उठले होते. आमच्या गल्लीत कुणाचं मूल कोमेजलं की आधी माझ्याकडे आणतात, मग दवाखान्यात.

सुनेने पोरीच्या काखेतलं थर्मामीटर काढून माझ्यापुढे धरलं. "अहो आई, एकशे एक आहे. मी दवाखान्यात नेते."

"काचेच्या नळीचंच ऐकायचं, तर मला कशाला विचारलंस? डॉक्टर उगाच सुया टोचेल तिला. कुठेही जायचं नाही."

एरवी ती गप्प बसते. आज तिने पोरीला खांद्यावर टाकलं आणि चपला घातल्या. मी दारात आडवा हात लावून उभी राहिले. तो बाजूला सारायला तिने माझं मनगट धरलं, ते क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग ते सोडून सरळ माझ्या कपाळावर तळवा ठेवला. सासू गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता.

"बसा," ती म्हणाली. सुनेने हुकूम सोडला आणि मी बसले. तिने थर्मामीटर झटकून माझ्या काखेत दिलं. एकशे तीन.

"आई, तुम्हीच तव्यासारख्या तापल्या आहात! पोर गार लागणार नाही तर काय?"

रिक्षात मी तिला सुनावलं, "माझा हात चुकत नाही. पोर माझ्यापेक्षा गारच होती."

एका हाताने सुनेने पोरीला छातीशी धरलं होतं, दुसऱ्याने मला.