अडकलीस की थांबवते

कार्डावर चार ओळी होत्या. घरातल्या एका माणसाबद्दल इंग्रजीत दोन मिनिटं बोला: ते कोण, कसे दिसतात, काय करतात, आणि दूर गेल्यावर त्यांची कोणती गोष्ट आठवेल.

नर्सने कार्ड पालथं ठेवलं. "आई, लाव."

आईच्या मांडीवर नातू झोपला होता. तिने मोबाइलवर दोन मिनिटं लावली. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणूनच हे काम तिच्याकडे. चुका काढणार नाही, नुसती वेळ बघेल. उद्या सकाळी इंग्रजीची तोंडी परीक्षा. नऊपैकी सात गुण पडले तर परदेशातलं इस्पितळ आणि वर्षभर बाळ आजीपाशी. नाही पडले तर इथल्याच पाळ्या.

लेक बोलली. शेवटच्या ओळीशी अडकली, छताकडे पाहत राहिली, पुन्हा बोलली. मोबाइल वाजला.

"जमलं की गं," आई म्हणाली.

नर्सचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. चारला सुरुवात केली होती. आता चार वाजून पाच.

"आई, मधे काही दाबलंस?"

"अडकलीस की थांबवते ना मी. विचार करायचा वेळ कशाला धरायचा?"

"रोज?"

"मग? रोजच."

नर्सने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तिथे कुणी थांबवणार नाहीये. आठवडाभर मी आपली समजतेय, दोन मिनिटं बोलता येतं मला. उद्या तोंडावर पडणार, तुझ्या कृपेने."

"हळू. उठेल तो."

"उठू दे."

तो उठला नाही. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "एवढं कुणाबद्दल बोलायचंय?"

"तुझ्याबद्दल."

आईने नातवाचं दुपटं सारखं केलं. "मग त्यात अडकण्यासारखं काय आहे? सांगायचं, किरकिरी आहे म्हणून."

"ते पहिल्याच वाक्यात सांगितलंय."

"बरं केलंस."

"लाव परत. आणि हात लावू नकोस."

आईने पुन्हा दोन मिनिटं लावून मोबाइल गादीवर ठेवला. शेवटच्या ओळीशी लेक पुन्हा अडकली. या वेळी ती छताकडे नाही, आईकडे पाहत होती. आकडे उतरत होते. आईने अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला होता.