दुसरा गिअर

खर्रर्र! दुसरा गिअर याही वेळी पडला नाही. लिलावात भंगाराच्या भावानं घेतलेला हा लष्करी ट्रक मी जुन्या बाजारातले सुटे भाग घालून उभा केला होता. गिअरबॉक्स कितीदा उघडला, तरी पहिल्याच्या पुढं गाडी जाईना. मी वैतागून स्टिअरिंगवर हात आपटला.

शेजारचं दार उघडलं. ही पदर खोचून वर चढत होती. या ट्रकला आजवर ‘माझी सवत’ म्हणणारी माझी बायको!

“तुम्ही फक्त क्लच सांभाळा,” गिअरच्या दांड्यावर हात ठेवत ती म्हणाली. “देवळालीला अण्णा असंच चालवायचे. त्यांचा पाय, माझा हात.”

सासरे लष्करात ड्रायव्हर होते, एवढंच मला ठाऊक. ते गेल्यापासून हिनं त्यांचा विषयच काढला नव्हता.

मी मैदानात गाडी पहिल्यावर घेतली.

“दाबा.” तिनं दांडा मधे आणला. “सोडा. आता परत दाबा.”

दुसरा गिअर आवाज न करता पडला. गिअरबॉक्स धडधाकट होता. असल्या जुन्या गाडीला क्लच दोनदा दाबावा लागतो, हे मलाच माहीत नव्हतं.

मैदान संपत आलं. तिचे डोळे भरून आले होते.

“थांबवू का गं?”

तिनं डाव्या हातानं डोळे पुसले. उजवा दांड्यावरच होता.

“थांबायचं कशाला? अजून तिसरा राहिलाय.”