चाळीस पावलं

घानातल्या किनारी गावातून समुद्रविज्ञान शिकायला परदेशी निघताना सेफाकोरने भरतीच्या पाण्यापासून चाळीस पावलांवर लोखंडी खुंटी ठोकली. समुद्र किती आत सरकतो, ते दर पौर्णिमेला मोजून आईने फोनवर सांगायचं ठरलं. तीन वर्षं आकडा चाळीसच राहिला. पदवी घेऊन परतताना तिला राजधानीतच कळलं, की तिच्या प्रबंधातल्या त्या आकड्यांवरून सरकारने गावाचा नियोजित दगडी बांध रद्द केला. गावी पोचली, तर मावशीच्या घराच्या जागी लाटा होत्या आणि खुंटी आईच्या चुलीजवळ. “आई, ही इथे कशी?” “लाट उपटून टाकायची गं. मी मागे येऊन, चाळीस पावलं मोजून पुन्हा ठोकायचे. म्हटलं, तुझा आकडा हलला, तर मास्तर तुला पास करतील होय?” आईने तिच्यापुढे मासा वाढला. “खा आधी. मग सांग, आपला बांध कधी घालणार?”