अकरा हजार पावलं

"आई, बाबांच्या मनगटावरचा पट्टा इथे माझ्या फोनवर त्यांची पावलं दाखवतो," पुष्कर बॉस्टनहून फोनवर सांगत होता. "मागच्या महिन्यात रोज दोन हजार, आता अकरा हजार! कंपवात असून माणूस मंडईला चार चकरा मारतोय. डॉक्टरांची उद्याची वेळ रद्द केली मी."

हेमाताईंनी कॉटवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. 'पोराच्या जिवाला उगाच घोर नको,' अशी शरच्चंद्रांची सक्त ताकीद होती. पंधरा दिवस झाले, ते कॉटवरून उठलेच नव्हते. पट्टा बांधलेला हात तेवढा चादरीवर अखंड थरथरत होता, आधीपेक्षा कितीतरी जास्त.

"बघ, आत्तासुद्धा आकडा वाढतोय," पुष्कर खूश होऊन म्हणाला. "निघाले वाटतं फिरायला!"