बायकोची भिंत

“हळू! फाटेल!” संग्रहालयाच्या बाई कामगारांवर खेकसल्या. उत्तर फिनलंडमधल्या म्हाताऱ्या तोइवोच्या लाकडी घराची भिंत ओली करून जुनी पोस्टरं सोडवणं चाललं होतं. स्कीवरची मुलगी, रेनडिअर, मध्यरात्रीचा सूर्य. परदेशी पाहुण्यांना बोलावणारी चित्रं. तोइवोची बायको छापखान्यात कामाला होती. बिघडलेली छपाई ती घरी आणायची आणि दर हिवाळ्याआधी खळ लावून थरावर थर चिकटवायची, फटींतून वारा येऊ नये म्हणून.

“आजोबा, हा देशाचा वारसा आहे,” बाई म्हणाल्या. “भिंतीला नव्या फळ्या आम्ही ठोकून देऊ.”

बायकोची भिंत राजधानीत लागणार म्हणून तोइवो हरखला.

फळ्या आल्या नाहीत. बर्फ वेळेवर पडला.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तो अंगावर दोन कोट चढवून गेला. काचेआडच्या त्या स्कीवरच्या मुलीपाशी थांबून त्याने बाईंना विचारलं, “रात्री इथला हीटर बंद करता का हो?”

“छे! कागद खराब होईल ना.”

“मग मी इथेच निजू? कोपऱ्यात?”

बाई खळखळून हसल्या. म्हाताऱ्याचा हा विनोद त्यांनी भाषणातही सांगितला. टाळ्या पडल्या. तोइवो कोटाची बटणं लावू लागला.