खांद्याआडची गाय

"गाय?" ओल्टमानसाहेबांनी भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं. "बाई, ही चक्क गाय आहे!"

"तेच तर सांगतेय मघापासून," रेनाटेबाई म्हणाल्या.

महायुद्धातल्या जर्मन विमानांवरची चिन्हं ओळखण्यात ओल्टमानसाहेबांचा हात धरणारा अख्ख्या ब्रेमेनमध्ये कुणी नव्हता. गरुड, अस्वल, काळं मांजर, नुसता कान दिसला तरी ते तुकडीचं नाव सांगत. पण लढाऊ विमानावर गाय कोण काढतं? तीन जाडजूड याद्या चाळून झाल्या. हाती भोपळा!

फोटोत विमानाच्या नाकाशी एक तरुण वैमानिक हसत उभा होता. गायीचं तोंड आणि पुढचे दोन पाय दिसत होते. बाकीची गाय त्याच्या खांद्याआड.

"हे तुमचे वडील?"

"तेच ठाऊक नाही हो. पंचेचाळीस साली ल्युबेकच्या स्टेशनवर मी एकटीच सापडले. चार-पाच वर्षांची असेन. नावसुद्धा सांगता येईना. रेनाटे हे अनाथाश्रमानं ठेवलेलं. हा फोटो माझ्या कोटाच्या अस्तरात होता. पण तेव्हा कुणाचाही कोट कुणाच्याही अंगावर असायचा. तुकडी कळली तर याचं नाव कळेल, आणि हा माझाच कुणी असला तर माझंही. चाळीस वर्षं झाली, मी कोण हेच मला कळत नाही."

एल्फ्रीडेबाई कॉफी आणि आलुबुखारचा केक घेऊन आल्या. "आमच्या ह्यांना आभाळातलं विमान ओळखू येतं, पण घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही! खा हो तुम्ही."

एरवी या टोमण्यावर साहेब हसत. आज हसले नाहीत. कपाटातल्या, तुकडी न कळलेल्या फोटोंच्या 'अर्धवट' असं लिहिलेल्या खोक्याकडे त्यांची नजर दोनदा जाऊन आली.

"हा कागद घ्या. हे चिन्ह काढा. अख्खं."

"मला कुठे चित्रं येतात?"

"येईल तसं काढा. माझा नियमच आहे. आधी आलेल्या माणसानं काढायचं, मग मी माझे फोटो दाखवायचे. नाहीतर लोक माझ्याच फोटोत बघतात आणि आठवलं म्हणतात. फसलोय मी तसा."

बाईंना काही कळेना. इतक्या लांबून आपण चित्रकलेच्या परीक्षेला आलो की काय? पण पेन्सिल उचलली, भराभर रेघा ओढल्या आणि कागद पुढे सरकवला.

साहेबांनी चित्रावरून सावकाश भिंग फिरवलं.

"बाई, गायीला पाय किती?"

"चार. हे काय विचारणं झालं?"

"तुमच्या गायीचे मोजा."

बाईंनी मोजले. पुन्हा मोजले. त्यांचे कान लाल झाले. "अगं बाई! पाच झाले की! हात आपला आपणच चालत गेला बघा. द्या तो खोडरबर."

"खोडू नका!" साहेब एवढ्या मोठ्यानं ओरडले की एल्फ्रीडेबाईंच्या हातातली कॉफी सांडली.

त्यांनी खोक्यातून एक फोटो काढून बाईंच्या चित्राशेजारी ठेवला. तेच विमान होतं. पुढे कुणी उभं नव्हतं, त्यामुळे गाय पूर्ण दिसत होती. पुढे दोन पाय, मागे तीन.

साहेबांनी फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'लेफ्टनंट टीट्झ यांचं विमान. चित्र त्यांच्या मुलीचं. रोसविथा, वय वर्षं चार.'