एका पानाचा सारांश

"वाचलंस का पण?" तिनं परत विचारलं.

"अगं, आधी पानांची मांडणी मार्गी तर लागू दे." त्यानं मान वर न करताच उत्तर दिलं. "वाचायला लागलो की ओळींमधलं अंतर दिसत नाही. धंद्याची सवय आहे ही. इतकी वर्षं लोकांचं टाइप करतोय, एक अक्षर डोक्यात जाऊ दिलेलं नाही. गेलं की चूक झालीच म्हणून समज."

सुट्टीचा दिवस होता. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. एरवी इथे लोक प्रबंध घेऊन येतात, माहितीपत्रकं घेऊन येतात. आज गिऱ्हाइकाच्या स्टुलावर त्याची बायको बसली होती. स्क्रीनवर तिची कादंबरी होती. रोज दुपारी घरातली माणसं आडवी झाली की मोबाइलवर थोडी थोडी टाइप केलेली. प्रकाशकाला पाठवायची आज शेवटची तारीख होती. तिला एवढंच हवं होतं, की पाठवायच्या आधी त्यानं ती एकदा वाचावी. किती दिवस मागे लागली होती. 'बघतो' म्हणाला होता.

आणि बघत होता, हे खरंच. इतकं मन लावून त्यानं कुणाचंच काम केलं नव्हतं. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर आणलं. मार्जिन सगळीकडे सारखं केलं. परिच्छेदाच्या सुरुवातीला तिनं स्पेस मारून मारून जागा सोडली होती, ती सगळी काढून नीट बसवली. शेवटच्या प्रकरणात तर दर दोन-चार ओळींनी नुसत्या रिकाम्या जागा होत्या.

"किती दम खातेस गं मध्ये मध्ये!" असं म्हणून तो हसला आणि त्याही मिटवून टाकल्या. ती हसली नाही.

"झालं. आता सारांश," तो म्हणाला. "एकच पान. आणि त्यांनी स्पष्ट लिहिलंय, शेवट लपवायचा नाही. 'पुढे काय होतं ते पुस्तकात वाचा' असली नाटकं चालत नाहीत. तू सांग, मी टाइप करतो."

तिनं स्टूल जवळ ओढलं. मग सांगायला लागली.

एक बाई असते. सासू, दीर, नणंद, सगळी माणसं चांगली. नवराही चांगला. पीत नाही, हात उचलत नाही, मागेल ते आणून देतो. फक्त ती बोलते तेव्हा तो 'हं' म्हणतो. तिची आई गेली, तेव्हा रडत रडत ती त्याच्याशी बोलली. तेव्हाही 'हं'.

त्याची बोटं धावत होती.

"हं," तो म्हणाला. "पुढे?"

"पुढे तिला दुसऱ्या गावात नोकरी मिळते. धाकट्या बहिणीच्या घराजवळ."

"आणि नवरा?"

"तो इथेच. ती जाते. तोच शेवट आहे."

"जाऊ दे, सुटली बिचारी. असल्या ठोंब्याबरोबर कोण राहणार!" त्यानं 'ती जाते' टाइप करून पूर्णविराम दिला. मग थांबला. "पण न सांगता जाते का? तेवढं घालायला हवं. प्रकाशक पहिलं तेच विचारेल."

"सांगते ना. तोंडानं सांगून बघते, त्याला ऐकू जात नाही. म्हणून सगळं लिहून काढते. अख्खी कादंबरी लिहिते आणि त्याच्याच हातात देते. वाचून तो नुसता 'थांब' म्हणाला असता, तरी थांबली असती ती."

हेही त्यानं टाइप केलं. अगदी पूर्णविरामापर्यंत. मग बोटं कीबोर्डवरच राहिली. कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घरघरत होता. त्यानं स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळी वाचल्या. ओठ हलवत, पहिलीतल्या पोरासारखं. परत पहिल्यापासून वाचल्या.

"मग..." त्यानं मान वर केली. "मग त्याला हे कळतं कधी?"

ती स्टुलावरून उठली.

"सारांश टाइप करताना."